कर्नाळ्याच्या चढावर

पुन्हा गिअरबॉक्स जळला. लाल गाडी दोरखंडाने ओढत पनवेलच्या गॅरेजात आणली होती. खाली ठिबकणाऱ्या काळ्या तेलाला करपलेल्या भाकरीचा वास येत होता.

"गाडीचा दोष नाही," मिस्त्री म्हणाला. "हिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतो. चढावर थांबलं तर ब्रेक दाबायचा. इथं कुणीतरी ब्रेकला पाय न लावता नुसत्या रेसवर गाडी धरून ठेवतंय. तेल उकळतं, मग आतलं सगळं जळतं."

सत्यवती ड्रायव्हरकडे वळली. "ऐकलंस, काशिराम? बैलच हाकायचे होतेस. आता परत जळली तर तू घरी."

"जळंलच, वयनी," काशिराम खाली बघत म्हणाला. "आयतवारी गाडी मी नाय नेत. एकदा तुमी बसा दाजींच्या बाजूला."

रविवारी सत्यवतीचे यजमान दाजी मिठागर बघायला पेणला एकटेच जात. मोठा मुलगा गेला त्याच वर्षी त्यांनी ही दोन माणसांची शर्यतीची गाडी मुंबईहून आणली होती. "पोरगा गेला आन् म्हाताऱ्याला शौक सुचला," असे बायका विहिरीवर तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. तीही मनात तेच म्हणत आली होती.

मुलाचे नाव जगन. मिठाने भरलेली लॉरी कर्नाळ्याच्या चढावर थांबली, तेव्हा तो नेहमीसारखा उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायला गेला. लॉरी दाजी चालवत होते. त्यांच्या पायाखालचा ब्रेक सुटला आणि लॉरी मागे घसरली. त्या दिवसापासून दाजींनी घरात मुलाचे नाव घेतले नव्हते.

मुंबईहून सामान यायला सगळा पावसाळा गेला. गाडी नीट झाली त्या रविवारी सत्यवती न विचारताच आत जाऊन बसली. दाजींनी तिच्याकडे पाहिले, पण उतर म्हणाले नाहीत.

कर्नाळ्याचा सुळका दिसू लागला. दोन्ही बाजूंना रान. रस्ता मोकळा होता, पुढे ना एसटी ना गुरे. तरी अर्ध्या चढावर दाजींनी गाडी थांबवली. पाय मात्र रेसवरच राहिला. इंजिन कण्हू लागले. गाडी पुढे जाईना, मागेही येईना, नुसती जागच्या जागी थरथरत राहिली. दाजींच्या कपाळावर घाम आला होता. त्यांची नजर समोरच्या आरशात होती, मागच्या रिकाम्या रस्त्यावर.

करपल्याचा वास आला.

"अवो, जळंल ती! ब्रेक दाबा ना!"

"नको," दाजी हळूच म्हणाले. "सुटला तर? जगन अजून मागं हाय."