एकशेदहा व्होल्ट

कराडच्या बाजारातून ट्रान्सफॉर्मर घेऊन रेवती परतली, तेव्हा दुर्गाआत्याने पाट मांडला होता. पाटावर रेवतीचे बाबा होते, म्हणजे त्यांची जेवणाच्या डब्याएवढी करडी पेटी. गेल्या वर्षी ते अमेरिकेत वारले. त्याआधी त्यांचं सगळं मन या पेटीत उतरवून घेतलं होतं. कायद्याने प्रत एकच ठेवता येत होती. एकोणीस वर्षांनी ते बहिणीकडे भाऊबीजेला आले होते.

पेटीची वायर भिंतीतल्या सॉकेटपर्यंत गेली होती.

"ही पिन कुठून आणलीस, आत्या?"

"शेजारच्या सबनिसांकडून. त्यांचा मुलगा सारखा परदेशी जातो ना. तुला उशीर होत होता, म्हटलं तोवर याला ओवाळून घेऊ. बघ, किती नीट बसली."

पिन नीटच बसली होती. पण पेटी एकशेदहा व्होल्टची होती आणि भिंतीत दोनशेतीस होते. असा ॲडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज उतरवायला ट्रान्सफॉर्मरच लागतो, हे रेवतीने आत्याला सांगितलंच नव्हतं. खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास होता.

"बोलले का काही?"

"एकदा 'ताई' म्हणाला, आणि गप्पच झाला. प्रवासाने दमला असेल, नाही?"

रेवतीने बटण बंद केलं. ट्रान्सफॉर्मरची पिशवी तिने दाराआड ठेवली.

"हो आत्या. झोपलेत."

आत्याने निरांजन पाटापासून जरा लांब सरकवलं. त्याच्या डोळ्यांवर उजेड यायला नको होता.