तिसऱ्या मजल्यावरचं इंग्रजी

रुआनकाका खाली येऊन नाचणाऱ्या बायकांच्या रांगेपाशी उभे राहिले, तेव्हा म्याओताईंचा एक हात हवेत होता आणि स्पीकर पूर्ण आवाजात होता.

"थोडं हळू लावाल का?" ते म्हणाले. "वर इंग्रजी लावलेलं असतं. टेप जुनी आहे, शब्द नीट ऐकू येत नाहीत."

म्याओताईंनी हात खाली घेतला. चौकात रोज संध्याकाळी बायकांचा नाच चाले, त्याच्या त्या म्होरक्या. त्यांच्या स्पीकरला हात लावायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. पण इंग्रजी म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

"अगंबाई, जूनची कॉलेजप्रवेशाची परीक्षा का? नात की नातू?"

"नाही, म्हणजे—"

"नातच असणार. मुलगे कुठले एवढं ऐकायला बसतात. बायांनो, बंद करा ते."

शाळेमागच्या त्या वसाहतीत भाडेकरू एकाच कारणासाठी येत. पोर शाळेत, आणि त्याला वेळेवर गरम जेवण मिळावं म्हणून आई नाहीतर आजोबा इथे खोली घेऊन. रुआनकाका वसंतात आले होते. हीच खोली का घेतली असं कुणी विचारलं, तर म्हणत, "इथून शाळेची घंटा ऐकू येते." बाकी माणूस अबोल.

म्याओताईंचं दुखणं जुनं होतं. त्यांचा मुलगा बाकी सगळ्या विषयांत पास झाला आणि इंग्रजीत नापास झाला, तोही टेप ऐकून उत्तरं लिहायच्या प्रश्नांत. ते अख्खं वर्षभर वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी फरश्या फुटत होत्या, आणि तेव्हा भिडस्त असलेल्या ताई एका शब्दानेही भांडल्या नाहीत. मुलगा दूर दक्षिणेत, ग्वांगदोंगच्या कारखान्यात गेला. आता नववर्षालाही येतो न येतो. ती सल त्यांच्या मनातून कधी गेली नाही. दुसऱ्याच्या पोरीचं असं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मग काय, ताई हात धुऊन मागे लागल्या. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आलेली असताना त्यांनी नाच पार नदीकाठी नेला. नूडलवाल्याला संध्याकाळी पातेली आपटायची बंदी झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या सुताराला त्यांनी प्रेमाने सांगितलं, "करवतीचा आवाज आला, तर करवत नदीत आणि तू तिच्या मागोमाग." लोक स्कूटर फाटकापासून ढकलत आणू लागले. कुणी कुरकुरलं नाही. परीक्षा म्हटली की त्या गल्लीत भांडणंसुद्धा हलक्या आवाजात होत.

रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडे आणि इंग्रजी खाली येई. बाईचा आवाज, सावकाश, तांदूळ निवडावेत तसा एकेक शब्द. नदीकाठावरून परतल्यावर ताई जिन्याशी शेंगा सोलत बसत. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी बरं वाटे. रोज तीच टेप. एका ठिकाणी ती थांबे, मागे जाई, आणि पुन्हा तेवढाच तुकडा वाजे. असं बराच वेळ चाले. तो तुकडा इतका हळू की खालपर्यंत पोचतच नसे.

"तिथे अवघड प्रश्न असणार," ताई म्हणाल्या.

"हल्ली पोरं मोबाइलवर ऐकतात की," नूडलवाला म्हणाला. "आणि ही पोर कुणी कधी पाहिली पण नाही."

"अभ्यास करतेय ती. तुझ्यासारखी दारात उभी राहून गप्पा छाटत नाहीये."

तरी मनात राहिलंच. जिन्यात रुआनकाका भेटले तेव्हा ताईंनी विचारलं, नवीन काही का आणत नाही?

"असं इंग्रजी दुसऱ्या कुणाचंच नाही," काका म्हणाले. मग जरा घुटमळले. "म्याओताई, तुम्ही सगळ्यांनी फार केलंत. इतकं स्पष्ट मला कित्येक दिवसांत ऐकू आलं नव्हतं. तुम्हाला एक सांगायचं होतं—"

"पास झाल्यावर सांगा. आधी बोललं की दृष्ट लागते."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या मुलासाठी असं कुणी रडलं होतं का, हे ताई जिना उतरताना आठवत राहिल्या.

परीक्षेच्या दुपारी सगळ्या बायका नाचाचे लाल पोशाख घालून फाटकाशी उभ्या राहिल्या. लाल फीत बांधलेली टॅक्सी तयार होती, परीक्षेच्या पोरांकडून भाडं न घेणारी. ताईंच्या हातातल्या ताटलीत एक सॉसेज होतं आणि शेजारी दोन उकडलेली अंडी, म्हणजे एकावर दोन शून्यं, शंभरपैकी शंभर. मुलाच्या वेळी हे करायचं राहून गेलं होतं.

नात काही खाली येईना. टॅक्सीवाला घड्याळ बघू लागला. वरून मात्र इंग्रजी चालूच होतं.

"आता पुरे झाला अभ्यास," म्हणत ताई ताटली सांभाळत वर चढल्या.

दार वाऱ्यासाठी उघडं टाकलेलं होतं. खोलीत एकच पलंग. टेबलावर एकच वाडगा. दप्तर नव्हतं, पुस्तक नव्हतं. भिंतीशी चष्मा घातलेल्या एका वयस्कर बाईंचा फोटो होता, पुढे एक संत्रं आणि अर्धवट जळलेली उदबत्ती. रुआनकाका दाराकडे पाठ करून, टेपला कान लावून बसले होते. त्यांनी बटण दाबून टेप थोडी मागे घेतली.

ताई उंबऱ्यातच थांबल्या. इंग्रजी वाक्य संपलं. कागद सळसळला, बाई जराशी खोकली, आणि मग इथल्याच बोलीत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, ती खिडकी लावा ना. माझ्या वर्गातल्या मुलांना ऐकू जायचं नाही."