बाकांचा आवाज

एकाहत्तरचं युद्ध पेटलं आणि जबलपूरच्या शाळा बंद झाल्या. राइट टाउनच्या शरयूबाई मग अकरावीच्या मुलींना हिंदी कविता रेडिओवरून शिकवू लागल्या. संध्याकाळी ऐकवायचा पाठ दुपारीच टेपवर भरून घेत.

आठवडा झाला तरी एकाही पोरीचं साधं पोस्टकार्ड आलं नव्हतं. समोर मायक्रोफोन, कानाला हेडफोन आणि काचेपलीकडे टेप चालवणारा नीलकंठ, एवढाच त्यांचा वर्ग.

“भिंतीला शिकवून राहिले मी,” त्या वैतागून म्हणायच्या.

त्या दुपारी कवितेवर प्रश्न विचारून त्या सवयीने थांबल्या. हेडफोनमध्ये बाक सरकल्याचा आवाज आला, उत्तर द्यायला कोणी उठावं तसा.

“नीलकंठ, हा आवाज काहून येतो?”

“कसला आवाज, दीदी? आत्ता तर टेप भरतोय. ऐकणारं कोणीच नाही.”

दुसऱ्या प्रश्नाला दोन बाकं सरकली. तिसऱ्याला चार-पाच. उत्तर मात्र एकही नाही. बाईंचा पारा चढला.

“उठता कशाला मग? वर्गातही मुक्या, इथंही मुक्या! बोला ना काही!”

कानात सगळी बाकं एकदम सरकली. दारातून कोणी आत आलं की उभा राहतो तसा अख्खा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात म्हणाला, “नमस्ते, बहनजी!”

बाई तर केव्हाच्या खुर्चीत बसलेल्या होत्या. काचेपलीकडे नीलकंठही हळूच उठला. त्याने हात जोडले. तो बाईंच्या मागे बघत होता.