कोणत्या नावाने

‘तुम्ही कोणते?’ पडद्यावर एवढाच प्रश्न होता.

मागच्या आठवड्यात रोशनीने ख्रिस्ती लोकांच्या त्या चर्चागटात इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिलं होतं : आम्ही पेठकडचे विश्वासी. गावात आमची थोडीच घरं आहेत. कोणी भाऊबहिणी आमच्याशी बोलाल का? आज उत्तर आलं होतं, आणि आजच तिचा बाप, भिका, तिच्या नर्सिंगच्या होस्टेलवर नागलीचं पीठ घेऊन नाशकात आला होता. भाऊबहिणी काय म्हणतात ते ऐकायला तो सायबर कॅफेत तिच्या शेजारी स्टुलावर बसला. प्रार्थनेला बसताना काढायचा तशी टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली होती.

‘ख्रिस्ती,’ रोशनीने लिहिलं.

‘ते कळलं. पण कोणते? कॅथलिक? मेथॉडिस्ट? ब्रदरन? पेंटेकोस्टल?’

यातलं एकच नाव तिच्या कानावरून गेलेलं होतं, आणि ते ती शाळेचं समजत होती.

“काय म्हणत्यात?” भिकाने विचारलं.

“आपण कोण, ते विचारतात.”

“मंग सांग की. येशूची लेकरं.”

रोशनीने पान खाली सरकवलं. तिच्या आधीचं महिनोन् महिन्यांचं बोलणं तिथे होतं. तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडलं की झाला बाप्तिस्मा, असं वसईचा एक जण म्हणत होता. त्याला दुसरा लिहीत होता, तसं केलंत तर पोराला सर्दी तेवढी होईल. कुणाला प्रार्थनेसाठी रविवार चुकीचा वाटत होता, कुणाला संतांच्या मूर्ती. सगळे एकमेकांना वचनं फेकून मारत होते. ती वाचतच राहिली. गावात दोनच बाजू होत्या, ते आणि आपण. लग्नाकार्याला बोलावणं बंद झालं, बापाला बाजारात मारलं, तेव्हा तिची आई म्हणायची, बाहेर आपली लय माणसं हायत, सगळी एका घरातली.

पान पुन्हा उघडलं तर नगरच्या एका माणसाने विचारलं होतं, ‘ताई, तुमचा बाप्तिस्मा कोणत्या नावाने झाला?’

“बा, बाप्तिस्म्याला नदीत बुडवताना तू काय म्हणतोस?”

“येशूच्या नावानं.”

“तेवढंच?”

“मला बुडवलं त्या पाळकांनी तेवढंच सांगितलं. ते पुन्हा आले नाय. मंग बाकीच्यांना मीच बुडवलं.”

तिने तसं लिहिलं. उत्तर लगेच आलं. ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं म्हटलं नाही? मग तो बाप्तिस्माच नव्हे. वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही अजून ख्रिस्ती झालेलाच नाहीत.’ त्याच्याखाली दुसऱ्याने त्याला लिहिलं, ‘येशूच्या नावाचाच बाप्तिस्मा खरा, चुकलात तुम्ही.’ त्याच्याखाली तिसऱ्याने त्या दुसऱ्याला पाखंडी म्हटलं.



“वाच,” भिका म्हणाला.

त्याला वाचता येत नव्हतं. बायबलही तीच त्याला वाचून दाखवायची, आणि त्यातला एक शब्द तिने कधी इकडचा तिकडे केला नव्हता. तिने वाचलं.

भिकाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “परत वाच.”

तिने परत वाचलं.

“पिता, पुत्र...” तो पुटपुटला. “आणि?”

“पवित्र आत्मा.”

“पवित्र आत्मा.” त्याने ते घोकून घेतलं. “म्हणजे मी सगळ्यांना नुसती आंघोळ घातली.”

“बा, ते भांडतायत आपापसात. त्यांचंच एकमत नाही.”

“नाय नाय. परत बुडवू. नदीला अजून पाणी हाय.” तो बोटं दुमडू लागला. “सावळीराम. त्याची बायको. फुलाबाई. दिनेश. तुझी आय...” एका बोटावर तो थांबला.

“झुंबरबाई,” तो म्हणाला.

झुंबरबाई ही भिकाची थोरली बहीण. ती उन्हाळ्यात वारली. ख्रिस्ती झालेल्याला आमच्या मसणवट्यात जागा नाही, असं म्हणून गावाने प्रेत परत फिरवलं होतं. भिकाने स्वतःच्या भातखाचराच्या बांधाला खड्डा खणून तिला ठेवली होती.

“तिला कसं बुडवायचं?”



भिका पडद्याकडे बघत राहिला. मग, समोर कुणी बसलेलं असावं तसा त्याच्याशीच बोलला, “गाव म्हणलं, ही ख्रिस्ती झाली, आमची नाय. तुम्ही म्हणता, ती ख्रिस्ती झालीच नव्हती.”

त्याने मान वळवून पोरीकडे पाहिलं.

“मंग ती कोण म्हणून मेली?”