समोरची लाइट

प्रशिकच्या आईचं पहाटे पाचला पहिलं लक्ष जायचं ते समोरच्या घराच्या खिडकीवर. "पाह्य, केयूर उठून बसला. अन् आमचे साहेब घोरून राहिले!"

वर्गात पहिला केयूर, सुंदर अक्षर केयूरचं, आणि आता पहाटसुद्धा केयूरचीच! प्रशिक पेटला. तोही गजर लावून पाचला टेबलाशी बसू लागला. नियम एकच: समोरची लाइट बंद झाल्याशिवाय आपली बंद करायची नाही. पण समोरचाही पठ्ठ्या असा, की साडेसहा वाजले तरी हटेना.

सहामाहीत प्रशिक पहिला आला. शाळेच्या फाटकाशी केयूरनं मनापासून हात मिळवला. "कसं काय जमवलं बे?"

"तुझी लाइट पाहून. तू जितका वेळ वाचते, तितका वेळ मीही."

"मी? मी तं सातपर्यंत पांघरुणात असतो! माझ्या खोलीत आमचे आबा झोपतात. पाचले उठून फिराले जायचे. आता जातच नाही. म्हणतात, समोरचं लेकरू एकटंच वाचून राहिलं, त्याची लाइट बंद होतपर्यंत आपण कशी बंद कराची?"

दुसऱ्या दिवशी प्रशिकनं सव्वापाचलाच लाइट बंद केली. लगेच समोरची बंद झाली. कानटोपी घातलेले आबा काठी टेकत बाहेर पडले, कोपऱ्यावरून वळले.

मग प्रशिकनं हळूच आपली लाइट पुन्हा लावली.