चातकाचं माहेर

बोरीच्या झुडपातून चातकाची मादी ओरडत उडाली आणि वांजिरूच्या हातातल्या यंत्रानं त्या ओरडण्याचं मराठी केलं, ‘येते.’

वांजिरू वैतागली. ती केनियाची पक्षितज्ज्ञ, पण पुण्यात शिकल्यामुळे मराठी पक्कं. ‘निघालीय आफ्रिकेला आणि म्हणते येते? यंत्र बिघडलंय.’

चातक भारताचा की केनियाचा, यावर दोन्हीकडचे तज्ज्ञ वर्षभर भांडत होते. निकाल आता चातकाच्याच तोंडून लागायचा होता.

सासवडच्या माळावर पाहुण्यांना पक्षी दाखवणाऱ्या कोंडाबाई हसल्या. ‘यंत्र बरोबर हाय, ताई. आपल्या माणसांतून निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. म्हंजी ती हितलीच.’

वांजिरूचा चेहरा पडला. तरी राहवेना, म्हणून तिनं एप्रिलमधला एक आवाज यंत्राला ऐकवला. पायात निळं कडं असलेली हीच मादी तेव्हा वांजिरूच्या गावाहून भारताकडे निघाली होती.

यंत्र म्हणालं, ‘येते.’

मग कोंडाबाई रिकाम्या झुडपाकडे वळून म्हणाल्या, ‘अगं बया! हिला सासरच न्हाई की.’