बरोबर उत्तर

इंदापूरहून डिपोटीसाहेब शाळा तपासायला आले, तसे रामहरी गुरुजी हात जोडून दारात उभे राहिले. छडी त्यांनी सकाळीच कौलांत खुपसून ठेवली होती.

“तेरा नवे किती?” साहेबांनी विचारलं. एकाही पोराला सांगता येईना. शेवटी मागं बसलेली चंद्री उठली आणि तिनं बिनचूक उत्तर दिलं.

“शाब्बास!” साहेब म्हणाले. गुरुजींच्या जिवात जीव आला.

पण चंद्री काही खाली बसेना. उत्तर न आलेली सगळी पोरं निमूट उभी राहिली आणि रोजच्यासारखे त्यांनी गाल पुढं केले. पहिल्याच पोरीपाशी जाऊन चंद्रीनं हात उगारला आणि तसाच धरला.

“साहेब,” ती रडवेली होऊन म्हणाली, “ही माझी धाकटी भैन हाय. हिच्या थोबाडीत आज हळू मारली तर चालंल का?”